बिनखिळ्यांच्या भिंती

आई-बाबा कायमचे भारतात निघाले त्या सकाळी घरमालकाचा माणूस भिंती तपासायला आला होता. दुबईत अल कुसैसमधला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट रिकामा झाला होता, पडदेसुद्धा उतरवलेले होते. तो हातात टॉर्च घेऊन खोलीखोलीतून फिरला, दारामागे डोकावला, आणि शेवटी बाबांचा हात हातात घेऊन म्हणाला, "खलास, हबीबी! एक भी होल नहीं. पहली बार देखा." निवृत्तीच्या समारंभात कंपनीने दिलेल्या घड्याळापेक्षा बाबांना या दाखल्याचा आनंद जास्त झाला. मी समोरच उभी होते, मी पाहिलं.

तीस वर्षं आम्ही बिनखिळ्यांच्या भिंतींत राहिलो. घड्याळ फ्रिजवर टेकवलेलं, कॅलेंडर मायक्रोवेव्हच्या मागे सरकवलेलं, आजोबांचा फोटो शोकेसच्या काचेला टेकून उभा. माझं चित्रकलेचं सर्टिफिकेट आईने हौसेने फ्रेम करून आणलं होतं, ते मी नोकरीला लागेपर्यंत सोफ्यामागे भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. "भाड्याच्या भिंतीला भोक पाडायचं नाही," हा बाबांचा पहिला नियम. दुसरा नियम खोक्यांचा. टीव्ही, मिक्सर, इस्त्री, घरात जे येईल त्याचं मूळ खोकं थर्माकोलसकट कपाटावर ठेवायचं, कारण ते जाताना लागेल. आखातात संसार केलेल्यांनी हे वाचताना आपापल्या कपाटावर नजर टाकली असेल. टाका, टाका, लाजू नका.

"जाताना" हा आमच्या घरातला सर्वांत मोठा शब्द होता. सोफा बदलायचा नाही, जाताना काय करणार त्याचं? कुंडीत मोठं झाड लावायचं नाही, जाताना कुणाला देणार? आईने तरुणपणी देऱ्याच्या बाजारातून एक डिनर सेट घेतला होता, पांढरा शुभ्र, सोनेरी काठाचा. तो पलंगाखाली खोक्यातच राहिला, कारण तो नाशिकच्या फ्लॅटसाठी होता. नाशिकचा फ्लॅट बाबांनी मी शाळेत असताना घेतला आणि कुलूप लावून ठेवला. चांगलं जे जे होतं ते सगळं तिथे सुरू होणार होतं. आम्ही इकडे मेलामाइनच्या ताटल्यांत जेवत होतो.

लहानपणी मी एकदा या सगळ्याला कंटाळून म्हटलं होतं, "But Baba, this is home." इथल्या सगळ्या मुलांसारखी मीही घरात इंग्रजीत उत्तरं द्यायचे. बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता मराठीत सांगितलं, "हे घर नाही. हा फ्लॅट आहे. आपण इथे पाहुणे आहोत." मी दोन वर्षांची असताना इथे आले. मला पाहुणी व्हायचं कुणी विचारलं नव्हतं.

विमानतळावर सगळं उलटं झालं. निरोपाच्या गोष्टीत मुलं जातात आणि म्हातारे हात हलवत मागे राहतात ना? आमच्याकडे म्हातारे गेले. नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की सामान बांधायचं. बाबांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्यांनी ते बिनतक्रार पाळलं. माझी नोकरी वेगळी, माझा व्हिसा वेगळा, म्हणून मी राहिले. काउंटरवर बॅगा वजनाला लावल्या आणि डिनर सेटचं खोकं जास्तीचं ठरलं. जास्तीच्या वजनाचे दिरहॅम ऐकून आईने तिथल्या तिथे त्यांचे रुपये केले आणि खोकं माझ्या हातात दिलं. "तुझ्याकडे ठेव. पुढच्या खेपेला नेऊ. उघडू नको हं, अनघा."

बाबा आत जाताना वळून म्हणाले, "एखादी नीट खोली बघ. चांगल्या वस्तीत. आणि भिंतींची काळजी घे." मुलीची नव्हे, भिंतींची. मी हसले, आणि पार्किंगमध्ये येऊन खोकं मांडीवर घेऊन पोटभर रडले.

नीट खोली मी पाहिली. एकटीच्या पगारात परवडणारी नीट खोली म्हणजे चौथ्या मजल्यावरची बेडस्पेस, एका खोलीत चौघी. वाईट नव्हत्या मुली. पण कपाटाच्या दारावर आतून चिठ्ठी चिकटवलेली होती: भिंतीला काही लावू नये. ती वाचली आणि माझं डोकं सटकलं. मी काय काम करते ते सांगायला हवं. मी एका इंटिरियर फिट-आउट कंपनीत साइटवर असते. दुकानं, दवाखाने, कॉफी शॉप, रिकामा गाळा आमच्या ताब्यात येतो आणि महिन्या-दोन महिन्यांत आम्ही त्याला पाणी, वीज, भिंती, छत सगळं देऊन मोकळे होतो. दिवसभर मी लोकांच्या भिंतींना भोकं पाडून घ्यायची आणि संध्याकाळी येऊन स्वतःचा टॉवेल कुठे टांगायचा याची परवानगी काढायची. हे मला जमणार नव्हतं. मी चाकांवरचं घर करायचं ठरवलं.

व्हॅन मला अल कुसैसच्या औद्योगिक भागातच मिळाली, आमचे सुतार नासिरभाई यांच्या वर्कशॉपशेजारी. उंच टपाची, पांढरी, मालवाहू. बरीच वर्षं एका बेकरीचे खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, वाटत फिरलेली. आत शिरले तेव्हा भाजलेल्या पिठाचा वास अजून होता. मी सरळ उभी राहिले आणि डोकं टपाला लागलं नाही. उंची न दिल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा देवाचे आभार मानले. दोन्ही हात पसरले, तर बोटं दोन्ही बाजूंच्या पत्र्याला जवळजवळ टेकली. म्हटलं, या भिंती माझ्या.

आई-बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे गाडीत झोपणार?" बाबा आईच्या मागून पडद्यात डोकावले. मग म्हणाले, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. एवढं शिकवलं ते यासाठी?" मी म्हटलं, "असेन विंचू, पण बिऱ्हाड माझं आहे." हे मराठीत म्हटलं, मुद्दाम. बाबा म्हणाले, "त्या डब्यात मी पाऊल ठेवणार नाही." आणि फोन आईकडे दिला.

बाबा बोलतात ते करतात. आमच्या एका नातेवाइकाच्या घरी ते एका वाक्यावरून सतरा वर्षं गेले नव्हते, तेव्हा ही धमकी नव्हती, निर्णय होता. मला लोकांच्या बोलण्याची फिकीर नाही, पण ते वाक्य मला लागलं. ज्या घरात माझे बाबा येणार नाहीत त्याला मी कोणत्या तोंडाने घर म्हणणार होते? म्हणजे ते घर असं करायचं होतं, की बाबांना यावंसं वाटेल. नाहीतर तो डबाच.

घर पाहावं बांधून म्हणतात, ते खरं आहे. आधी कोणते बदल करायचे त्याची परवानगी काढली. मग पत्र्याला आतून फोमच्या जाड शीट लावल्या, कारण इथलं ऊन हा थट्टेचा विषय नाही. त्यावर पातळ प्लायच्या भिंती. मागच्या बाजूला पलंग, पलंगाखाली बॅटरी आणि पाण्याची टाकी, टपावर सोलर पॅनेल आणि लहानसा एसी. सरकत्या दाराशी ओटा, एक सिंक, दोन शेगड्या. ओट्याच्या वर कपाट. ड्रायव्हरच्या सीटकडे जायला आतूनच वाट. अल कुसैसच्या फ्लॅटमधला आईचा ओटा यापेक्षा फार मोठा नव्हता, फक्त तो जागचा हलत नसे.

आता माझी अक्कल ऐका. रोज शेकडो स्क्रू मारून घेणाऱ्या बाईने स्वतःच्या घरात एकही मारला नाही. नासिरभाई ड्रिल घेऊन उभे, आणि मी म्हणते, "पत्र्याला भोक नको. चिकटवून टाका." सगळं घर डिंकावर उभं केलं आम्ही. कपाट चिकटवलेलं, प्लाय चिकटवलेला, हुक चिकटवलेले. शिवाय एसीची आणि फ्रिजची रिकामी खोकी मी पलंगावर आणून ठेवली. नासिरभाईंनी त्या खोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, घर आपके लिए बना रहे हैं या डिब्बे के लिए?" मी म्हटलं, जाताना लागतील. ते म्हणाले, "जाना किधर है?" मी त्यांना कामाला लावलं.

मे महिन्यात राहायला गेले. नासिरभाईंच्या आवारात जागा भाड्याने घेतली, तिथे विजेचं कनेक्शन मिळालं. आंघोळ जिमला, कपडे लाँड्रीला. डिनर सेट ओट्यावरच्या कपाटात ठेवायचा होता, खोक्यातच, कारण आईने उघडू नको म्हटलं होतं. खोकं कपाटात मावेना, म्हणून बाहेरचा पुठ्ठा काढून आतल्या कागदातल्या थाळ्या तशाच रचल्या. तेवढा एकच नियम मी मोडला होता.

ऑगस्टमध्ये एका साइटवर सकाळपासून काम चाललं होतं आणि सावलीची जागा मिळाली नव्हती. व्हॅन उन्हात, एसी बंद. संध्याकाळी येऊन दार सरकवलं तर घर जमिनीवर बसलं होतं. डिंक मऊ पडून कपाट सरळ खाली आलं होतं, मागोमाग एक भिंत ओघळली होती, हुक सगळे गळून पडलेले. आणि फरशीवर सोनेरी काठाचे तुकडे. आईचा सेट. ज्यात कुणी कधी जेवलं नाही, ज्यावर कधी वरणाचा डाग पडला नाही, तो पहिल्यांदा उघडला तो असा.

मी दारातच बसले. राग आला, पण उन्हाचा नाही आणि डिंकाचाही नाही. मला माझ्या हातांचा राग आला. व्हॅन माझी होती. माझ्या पैशाची, माझ्या नावाची. तिच्या पत्र्याला भोक पाडायला मला कुणाची भीती होती? टॉर्च घेऊन कोण येणार होतं? कुणीच नाही. तरी तीस वर्षं मुरलेला तो टॉर्चवाला माझ्या डोक्यात फिरत होता, आणि मी त्याच्यासाठी भिंती राखून ठेवल्या होत्या. तुम्हाला हसू येत असेल. मलाही आज येतं, त्या संध्याकाळी आलं नाही.

आईला फोन केला. लपवण्यात अर्थ नव्हता.  मला वाटलं, आता रडणार. तर म्हणाली, "किती उरल्या?"

"चार थाळ्या. दोन वाट्या. मोठा बाउल."

"मग काढ बाहेर आणि जेव त्यात. इथे मी काय करतेय माहितीय का? स्वतःचा फ्लॅट, स्वतःच्या भिंती, आणि घड्याळ अजून फ्रिजवर. तुझे बाबा खिळा मारूच देत नाहीत. म्हणतात, घाई काय आहे, बघू." मग जरा आवाज चढवून, म्हणजे बाबांना ऐकू जावं म्हणून, ती म्हणाली, "कशासाठी थांबलोय आता, ते एकदा सांगावं कुणीतरी!"

पलीकडून टीव्हीचा आवाज मोठा झाला.

दुसऱ्या दिवशी मी खोकी फाडून कचऱ्यात टाकली आणि नासिरभाईंना म्हटलं, ड्रिल द्या. ते म्हणाले, मैं करता हूँ. मी म्हटलं, नाही, मला द्या. पहिलं भोक पाडलं. पत्र्याचा बारीक चुरा मनगटावर पडला, गरम. मग दुसरं, मग तिसरं, मग मी मोजणं सोडून दिलं. प्रत्येक फळीमागे लोखंडी पट्टी, पट्टीला स्क्रू, स्क्रूभोवती पाणी न शिरण्याचा लेप. कपाट लावलं. घड्याळ लावलं. सोफ्यामागचं ते सर्टिफिकेट, जे मी एवढी वर्षं बॅगेच्या तळाशी वागवत होते, ते ओट्याशेजारी लावलं. चित्रकलेत दुसरा क्रमांक, इयत्ता सहावी. आता स्वयंपाक करताना रोज माझं कौतुक होतं.

लोक बोलले, बोलू देत. ऑफिसात एकजण दयेने म्हणाला, काही अडचण असेल तर सांग. नाशिकला आईला शेजारणी विचारतात, तर आई ठोकून सांगते, "तिने स्वतःचं घेतलंय." खोटं कुठे आहे त्यात? लग्नाच्या स्थळांनी मात्र माझा नाद सोडला, तेवढं एक काम न मागता झालं. आणि सगळ्यांचा लाडका प्रश्न, पत्ता काय तुझा? अहो, इथे आमच्या घरी टपाल कधी आलं? तीस वर्षं आमची पत्रं बाबांच्या कंपनीच्या पेटीत आली आणि बाबांच्या बॅगेतून घरी पोचली. आमचा पत्ता म्हणजे एक पेटी होती. माझीही पत्रं माझ्या कंपनीच्या पेटीत येतात. फरक एवढाच की माझं घर मधूनमधून डोंगर बघून येतं.

सोपं आहे असं नाही. जुलैतला उकाडा मी विसरलेले नाही. जिथे थांबायला मुभा आहे तिथेच थांबावं लागतं, पाणी जपावं लागतं, तापात एकटं पडावं लागतं. एकदा असाच ताप होता आणि आईच्या हातची पेज आठवून जीव कासावीस झाला. पण हे सगळं बेडस्पेसमध्येही होतंच. इथे निदान टॉवेल माझ्या खिळ्यावर असतो.

जानेवारीत आई-बाबा आले. बाबांचे जुने मित्र कुलकर्णीकाका शारजाला अल मजाजमध्ये राहतात, त्यांच्या मुलाचं लग्न होतं. उतरले अर्थातच काकांकडे. लग्नात बाबा माझ्याशी छान बोलले, नोकरीबद्दल विचारलं, तब्येतीबद्दल विचारलं. घराबद्दल अवाक्षर नाही. मीही काढलं नाही. हट्ट माझ्यात आला तो काही आभाळातून पडला नाही.

लग्नानंतरच्या रविवारी सकाळी मी व्हॅन घेऊन काकांच्या टॉवरखाली गेले आणि फोन केला, "खाली या. पोहे केलेत, गार होतील." आई लगबगीने आली. मागून बाबा, हात पाठीला बांधून. मी सरकतं दार पूर्ण उघडलं आणि ओट्याशी उभी राहिले. या असं म्हणाले नाही. त्यांना ओढून आत घ्यायचं नव्हतं मला.

आई दाराशी चपला काढून आत चढली आणि पहिलं काम म्हणजे डबे उघडून पाहिले. बाबा बाहेरच. त्यांनी व्हॅनला एक प्रदक्षिणा घातली. चाकं पाहिली, टपाकडे मान वर करून पाहिलं, पत्र्यावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं. घरमालकाच्या माणसासारखंच. मग दाराशी येऊन आतल्या भिंतींवर नजर फिरवली. सगळीकडे स्क्रूची डोकी चमकत होती.

"किती भोकं पाडलीस ही?"

"मोजली नाहीत."

"विकताना किंमत येणार नाही."

"विकायचं नाही, बाबा."

ते सर्टिफिकेटकडे बघत राहिले. आईने गोंधळ न घालता सोनेरी काठाच्या तीन थाळ्यांत पोहे वाढले, वर ओलं खोबरं घातलं.  मी ठरवलं होतं, ते नाही आले तर थाळी बाहेर नेऊन द्यायची नाही. जेवायचं तर घरात.

बाबा खाली वाकले. मला वाटलं, चाकाचंच काहीतरी दिसलं असणार. ते बुटांच्या नाड्या सोडत होते. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही जुळवून आईच्या चपलांशेजारी ठेवले, आणि मोज्यांनिशी, माझा हात न धरता, आत चढले. गाडीत बसताना माझ्या बाबांनी आयुष्यात कधी बूट काढलेले नाहीत.

मी त्यांच्या हातात थाळी दिली.  पोहे खाल्ले. बाबांनी मीठ कमी असल्याचं सांगितलं. आईने थाळीच्या काठावरून बोट फिरवत म्हटलं, "चांगल्याच आहेत की गं या. उगाच ठेवल्या." मी चहा टाकणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "देऱ्याला चल. धक्क्यावर चहा पिऊ. तिकडे जाऊन किती दिवस झाले." मी थाळ्या कपाटात अडकवल्या, दार सरकवून बंद केलं, दोघं आतूनच पुढच्या सीटवर येऊन बसले, आणि आम्ही निघालो. यल्ला!

शारजा-दुबईचा रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. बाबा उंच सीटवरून खूश होते. ही अनघाची जुनी शाळा, हा नवीन पूल, हे पूर्वी नव्हतं, असं आईला सांगत होते. देऱ्याला खाडीच्या धक्क्याजवळ जागा मिळाली. समोर लाकडी गलबतांवर खोकी चढत होती. बाबांचं अर्धं आयुष्य इथल्या एका ट्रेडिंग कंपनीत हाच माल पाठवण्यात गेलं. ते उठले, मागे गेले, दार सरकवलं, उतरायला पाय खाली टाकला आणि तसाच वर घेतला.

"अनघा, बूट कुठायत?"

मी मागे पाहिलं. आईने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मी नेहमी आत चढून मग चपला काढते, त्यामुळे माझ्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. ते दोघं मात्र जन्मभराच्या सवयीने दाराबाहेर काढून मोकळे झाले होते. दार देऱ्यात आलं होतं, बूट शारजात राहिले होते.

आधी आई हसली. मग ती इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. बाबांनी गंभीर चेहऱ्याने कुलकर्णीकाकांना फोन लावला आणि नेहमीसारखा स्पीकरवर ठेवला. "अरे, जरा खाली जाऊन बघ. पार्किंगमध्ये माझे बूट आहेत. आणि हिच्या चपला."

"पार्किंगमध्ये? तिथे कसे काय?"

"दाराबाहेर काढले होते."

"कुणाच्या दाराबाहेर?"

 "अनघाच्या घराच्या," ते म्हणाले. "आम्ही तिच्या घरी आलोय."

मी खाली उतरून तीन करक, म्हणजे इकडचा कडक दुधाळ चहा, घेऊन आले. अनवाणी माणसांना दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून बाबा सरकत्या दारात बसले, मोजे घातलेले पाय बाहेर सोडून, आणि ज्या धक्क्यावर तीस वर्षं टाय लावून उभे राहिले तिथे पाय हलवत चहा पिऊ लागले. एक हमाल जाताना हसला, बाबांनी त्याला सलाम केला. मग दाराच्या आतल्या कोपऱ्याकडे बोट दाखवून ते मला म्हणाले, "इथे चपलांसाठी एक कप्पा कर. आतल्या बाजूने. चांगला स्क्रू मारून घट्ट बसव. चिकटवू बिकटवू नको."

परत गेलो तेव्हा कुलकर्णीकाका पार्किंगमध्ये बूट आणि चपलांशेजारी राखण करत उभे होते. त्यांनाही वर घेतलं, उरलेले पोहे चौथ्या थाळीत दिले.

जायच्या दिवशी मी काकांकडे गेले तर बाबांची बॅग काट्यावर होती. आईने डिनर सेटचं नावही काढलं नाही. बाबांनी माझ्याकडे चपलांच्या कप्प्यासाठी घेतलेला ड्रिल मागितला, टॉवेलात गुंडाळला आणि बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवला. "वजनात बसतंय," एवढंच म्हणाले. आठवड्याने आईने फोटो पाठवला. नाशिकच्या भिंतीवर घड्याळ, किंचित तिरकं. खाली तिने लिहिलं होतं, चार भोकं पाडली तेव्हा एक जमलं.

तुम्ही जे तिकडे राहिलात, तुम्ही आम्हाला विचारता, परत कधी येणार. आणि जे माझ्यासारखे इकडे आलात, तुम्ही पलंगाखाली चांगल्या थाळ्या ठेवून त्याच प्रश्नाचं उत्तर शोधता. मला उद्या हा देश जा म्हणेल का? म्हणू शकतो. नोकरी जाईल का? जाऊ शकते. पण त्या उद्याचं भाडं मी आज भरणार नाही. सोनेरी काठाच्या चार थाळ्या रोज वापरात आहेत, त्यातल्या एकीचा टवका उडालाय, आणि माझ्या भिंतींना इतकी भोकं आहेत की टॉर्चवाला आला तर मोजता मोजता दमेल. घर म्हणजे काय, यावर मला एवढंच ठाऊक आहे.

पाहायला जरूर या. कुठे आहे ते निघण्याआधी फोन करून विचारा. आणि बूट काढायचे ते आत येऊन काढा.